घरी केलेली लॅम्पशेड, नऊ महिन्यांनंतर

दिवाळीच्या सुट्टीत लेकीच्या खोलीसाठी केलेली शेड अजून टिकून आहे. मात्र तेव्हाच्या सजावटीपैकी आज तिच्यावर काहीही उरलेलं नाही. कोणी करायला घेणार असाल तर आमच्या चुका आधी वाचा.

सांगाडा सोपा आहे. भरतकामाच्या १० इंची लाकडी रिंगांच्या दोन जोड्या, त्यांच्यामध्ये दोऱ्याने बांधलेल्या तीन कामट्या, वर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेची चौफुली आणि तिला होल्डर. कामट्या आधी नव्हत्या. पंखा लावला की खालची रिंग पाळण्यासारखी झुलायची आणि अख्खी खोली हलल्यासारखी वाटायची. आधी कागदाची शेड करणार होते, पण १० इंची रिंगेचा घेर भरतो साधारण साडेएकतीस इंच आणि ड्रॉइंगचा मोठा ताव ३० इंचांचा. म्हणजे दोन जोड आले आणि आत दिवा लागला की प्रत्येक जोडाची काळी पट्टी दिसणार. म्हणून मांजरपाट घेतलं. ते रिंगांच्या जोडीत चिमटून बसतं, गोंद लागत नाही, काढून धुता येतं. त्याला एक शिवण येतेच, ती भिंतीकडे वळवली. सगळं मिळून साडेपाचशेच्या आसपास गेले.

आता सजावट. हौसेने कापडाला गेरूचा रंग दिला आणि पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकने वारलीतलं तारप्याचं (फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचं) नाच-रिंगण काढलं. दिवसा इतकं देखणं, की शेजारच्या काकूंनी फोटो काढून नेला. रात्री दिवा लावला आणि माती झाली. वारली चित्र भिंतीवरचं, उजेड समोरून पडतो. इथे उजेड पाठीमागून. मग रंग पांढरा असो की पिवळा, जो उजेड अडवतो तो काळाच दिसतो. गेरूमुळे कापड इतकं जाड झालं की खाली टेबलावर आणि वर छताला उजेडाची गोल चकती, मधे नुसता अंधार, त्यात काळी माणसं. लेक म्हणाली, "आई, ती माणसं जळली का गं?" तो कपडा दुसऱ्या दिवशी उतरवला.

काठाला टिकल्या आणि लेसही लावली होती. लेस म्हणजे धूळ पकडायचं जाळं. टिकल्या फेविकॉल सुकल्यावर एकेक गळायला लागल्या आणि त्यातली एक आमच्या रांगत्या धाकट्याच्या मुठीत सापडली. त्या दिवसानंतर बाहेरून काहीही चिकटवायचं नाही, असं ठरलं.

सध्याची पद्धत उलटी आहे. बाहेर कोरं मांजरपाट, आत बटर पेपर. तो गुंडाळीत मिळतो, त्यामुळे ३३ इंच सलग कापता येतो. चित्रं सगळी बटर पेपरवर. काळ्या कार्डपेपरचे तीन हत्ती, एक झाड आणि पतंगी कागदाचे डोंगर: लांबच्याला एक थर, मधल्याला दोन, जवळच्याला तीन. दिवा लागला की डोंगर आपोआप फिके-गडद होतात. मधला सिंहगड आहे, वरच्या टॉवरसकट, कारण आमच्या गच्चीवरून तो तसाच दिसतो. दिवसा यातलं काही दिसत नाही, नुसता पांढरा डबा. संध्याकाळी बटण दाबायचा मान लेकीचा असतो आणि त्यावरून भांडणं होतात.

चिकटवताना कागदामागे मोबाईलचा टॉर्च धरा. फेविकॉलचा जाड ठिपका एरवी दिसत नाही, दिव्यात पुटकुळीसारखा उठतो. आईने खळ करून दिली होती, ती मी नाकारली. पुस्तकं बांधणारे जुने बाइंडर खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या खोलीत नको, आणि त्याशिवायच्या खळीला कसर लागतेच.

बल्बचंही सांगते. आधी ९ वॅटचा पांढरा एलईडी होता, त्यात हत्ती एक्स-रे काढल्यासारखे दिसायचे. आता ५ वॅटचा, पिवळसर. दुकानात 'वॉर्म' असं स्पष्ट मागा, नाहीतर पांढराच हातात देतात. जुना, आत तार असलेला पिवळा बल्ब मात्र अजिबात लावू नका, तो तापतो आणि आत कागद आहे.

कापड तीनदा धुतलं, छान राहिलं. जुलैच्या दमटपणात बटर पेपरच्या कडा वळल्या, एका हत्तीची सोंड सुटली आणि रिंगेच्या स्क्रूचा गंज कापडाला लागला. तो डाग जात नाही. खिडकीकडचा गुलाबी डोंगर उन्हाने पांढरट पडलाय. पुढच्या वेळी स्क्रूला नेलपॉलिशचा हात देणार आहे.

जूनमध्ये एका रात्री लेक ओरडत आली, "चौथा प्राणी आलाय!" हत्तींच्या रांगेत खरंच एक नवी आकृती होती, आणि ती चालत होती. किड्यांच्या मागे पाल आत शिरली होती. मी झाडू आणला, तर ही बया पलंगावर उभी राहून म्हणते, "राहू दे ना, ती सिंहगड चढतेय." हल्ली दिवा लावला की आधी ती आलीये का, ते बघितलं जातं.