किर्बीचे यांत्रिक चिलखत की किर्बीचा महाश्वास : ‘प्लॅनेट रोबोबॉट’ आणि ‘ट्रिपल डिलक्स’ यांतून एक निवडताना

निन्टेन्डो थ्रीडीएस हा हातात धरून खेळायचा कन्सोल ज्यांच्याकडे अजून चालू स्थितीत आहे आणि ज्यांना त्यावर किर्बीचा एकच मोठा प्लॅटफॉर्म खेळ (उड्या मारत, अडथळे ओलांडत पुढे जाण्याचा खेळ) घ्यायचा आहे, त्यांना निवड करावी लागते ती प्रामुख्याने दोन नावांमधून. जानेवारी २०१४मध्ये जपानमध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला ‘किर्बी : ट्रिपल डिलक्स’ हे एक आणि एप्रिल २०१६मध्ये आलेला ‘किर्बी : प्लॅनेट रोबोबॉट’ हे दुसरे. दोन्ही हॅल लॅबोरेटरीने तयार केले आहेत आणि दोन्हींचे दिग्दर्शन शिन्या कुमाझाकी यांनी केले आहे. दोन्हींचा सांगाडा इतका सारखा आहे की नुसती चित्रे पाहून त्यांतला फरक केवळ सजावटीचा आहे असे वाटावे. प्रत्यक्षात फरक सजावटीच्या बराच खाली आहे, आणि पैसे मोजण्यापूर्वी तो समजून घेतलेला बरा.

आधी जे सामाईक आहे ते थोडक्यात सांगतो. किर्बी हा गोल, गुलाबी नायक १९९२ साली गेम बॉयवर अवतरला. पुढच्याच वर्षीच्या खेळात शत्रूला गिळून त्याची शक्ती उचलण्याची, म्हणजे ‘कॉपी अ‍ॅबिलिटी’ची, सोय त्याला मिळाली आणि तेव्हापासून ही मालिका तिच्यावरच उभी आहे. आपल्या दोन्ही खेळांत सहा मोठे प्रदेश आहेत. प्रत्येक प्रदेशात अनेक टप्पे आणि शेवटी एक बॉस, म्हणजे बलाढ्य शत्रू, आहे. टप्प्यांमध्ये लपवलेल्या वस्तू पुरेशा संख्येने गोळा केल्याशिवाय बॉसचे दार उघडत नाही, आणि त्या सगळ्या मिळवल्या तर जादा टप्पा खुला होतो. ‘ट्रिपल डिलक्स’मध्ये या वस्तूंना ‘सन स्टोन’ म्हणतात, तर ‘रोबोबॉट’मध्ये ‘कोड क्यूब’. किर्बी हवेत तरंगू शकतो, त्यामुळे खड्ड्यात पडून जीव गमावण्याची धास्ती इतर प्लॅटफॉर्म खेळांपेक्षा पुष्कळच कमी असते. मुख्य कथा दोन्हींत सोपी आहे, आणि ती तशी मुद्दामच ठेवलेली आहे.

आता मूळ फरकाकडे वळू. प्रत्येक खेळात किर्बीला अधूनमधून अचाट बळ देणारे एक खास साधन आहे, आणि खेळाचा स्वभाव त्या साधनावरून ठरतो. ‘ट्रिपल डिलक्स’मध्ये एक चमत्कारी फळ खाल्ले की किर्बीला ‘हायपरनोव्हा’ नावाचा महाश्वास प्राप्त होतो. मग तो झाडे, प्रचंड शत्रू आणि अवजड ठोकळे एका दमात ओढून घेतो. पहिल्यांदा हे पाहताना हसू आवरत नाही, कारण एवढासा जीव अख्खे झाड गिळतो आहे या दृश्यातच विनोद आहे. मात्र या अवस्थेत किर्बीला इतर कोणतीही शक्ती वापरता येत नाही. तोंड कोणत्या दिशेला करायचे आणि श्वास कधी ओढायचा, एवढेच खेळाडूच्या हाती उरते. बाकीची करामत टप्पा रचणाऱ्यांची. त्यांनी ती कल्पकतेने केली आहे, तरीही तिसऱ्या-चौथ्या फळानंतर आपण खेळत असल्यापेक्षा एखादी आतषबाजी पाहत असल्याची भावना अधिक होते.

‘प्लॅनेट रोबोबॉट’मधील ‘रोबोबॉट आर्मर’ हे यांत्रिक चिलखत वेगळ्या विचारातून घडलेले आहे. किर्बी त्यात बसला की त्याला अजस्र लोखंडी हात मिळतात. त्या हातांनी तो अवजड ठोकळे उचलतो, भिंतींतले मोठाले स्क्रू फिरवून बंद वाटा मोकळ्या करतो आणि एरवी फुटणार नाहीत असे अडथळे ठोसे मारून फोडतो. इथवर हा केवळ बळाचा खेळ झाला. पण हे चिलखत शत्रूला स्कॅन करून त्याची शक्तीही उचलते आणि त्यानुसार स्वतःचा आकार, रंग व हत्यार बदलते, आणि खरी मौज तिथे सुरू होते. तलवारवाल्या शत्रूला स्कॅन केले की हातांच्या जागी ऊर्जेची पाती येतात. दगडाची शक्ती उचलली की मुठी आणखी थोराड होतात. ‘माइक’ मिळाला की चिलखताचे रूपांतर कानठळ्या बसवणाऱ्या ध्वनिवर्धकात होते, आणि ‘बॉम्ब’ मिळाला की त्यातून चालते-फिरते बॉम्ब बाहेर पडू लागतात. ‘जेट’ शक्ती मिळाली तर संपूर्ण प्रसंगच उडत्या विमानातून गोळीबार करण्याचा होऊन जातो; ‘व्हील’ मिळाली तर किर्बी गाडी बनून मार्गिका बदलत सुसाट धावतो.

म्हणजे हायपरनोव्हा ज्या क्षणी येते त्या क्षणी मालिकेचा गाभा, शक्ती उचलून ती हवी तशी वापरणे, बाजूला सारला जातो. रोबोबॉट चिलखत आले की तोच गाभा मोठ्या आकारात पुढे चालू राहतो. माझ्या मते निवडीचा निकाल बहुतांशी याच मुद्द्यावर लागतो. चिलखताच्या अनेक प्रसंगांत कोणती शक्ती वापरायची हे टप्पाच ठरवून देतो आणि ती शक्ती देणारा शत्रू नेमका कोड्याजवळ उभा असतो, हे खरे आहे. पण तरीही आधीची शक्ती टिकवून ठेवावी की टाकावी, शत्रूंना दुरून मारावे की जवळ जाऊन, असे छोटे निर्णय खेळाडूकडेच राहतात. शिवाय गोळा केलेले स्टिकर या चिलखतावर चिकटवता येतात. खेळाच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य. तरी ते चिकटवल्याशिवाय राहवत नाही, हे मान्य केले पाहिजे. ‘ट्रिपल डिलक्स’मध्ये त्यांच्या जागी कीचेन आहेत. त्या जुन्या खेळांची आठवण करून देणाऱ्या आणि दिसायला गोजिरवाण्या आहेत, पण संग्रहाबाहेर त्यांना फारसे काम नाही.

वातावरण हा पुष्कळांच्या दृष्टीने निर्णायक मुद्दा असू शकतो. ‘ट्रिपल डिलक्स’मध्ये एक महाकाय वेल रातोरात वाढून किर्बीचे घर आणि त्याचा जुना प्रतिस्पर्धी राजा डीडीडी याचा किल्ला आकाशात उचलून नेते, टरान्झा नावाचा उडता खलपुरुष डीडीडीला पळवतो आणि किर्बी त्याच्या मागे ‘फ्लोरॅलिया’ या तरंगत्या प्रदेशात शिरतो. फुले, कुरणे, मिठाईसारखी दिसणारी रचना, भग्न वास्तू, लाव्हा आणि शेवटी राजेशाही दालने असा प्रवास आहे. सगळे प्रसन्न, पण मालिकेच्या जुन्या चाहत्याला बरेचसे परिचयाचे. ‘रोबोबॉट’मध्ये ‘हाल्टमन वर्क्स कंपनी’ नावाची परग्रहावरची कंपनी किर्बीच्या ग्रहावर उतरते आणि तिथल्या झाडाफुलांपासून रहिवाशांपर्यंत सगळ्यांचे यंत्रांत रूपांतर करायला घेते. योद्धा मेटा नाइटलाही ती सोडत नाही. कंपनीच्या अध्यक्षाची सचिव सुझी हसतमुखाने, सौजन्याने बोलत हे सगळे पार पाडते, आणि मालिकेतील उत्तम पात्रांत तिची गणना करायला हवी. पत्र्याने मढवलेली कुरणे, दिव्यांनी झगमगणारी शहरे, वाहने धावणारे रस्ते अशी दृश्ये किर्बीच्या जगात नवी वाटतात. विषय थोडा गंभीर असूनही खेळाचा सूर मात्र एकदाही उदास होत नाही.

थ्रीडीएसच्या चष्म्याविना दिसणाऱ्या त्रिमितीचा उपयोग कोणी अधिक चांगला केला, असे विचारले तर उत्तर उलट दिशेला जाते. दोन्ही खेळांत किर्बी दृश्याच्या पुढच्या आणि मागच्या पातळीवर ये-जा करतो, पण ‘ट्रिपल डिलक्स’ हा या कल्पनेभोवतीच बांधलेला आहे. मागून पुढे येऊन आदळणाऱ्या वस्तू, पार्श्वभूमीतून डागल्या जाणाऱ्या तोफा आणि आरशातील प्रतिबिंब पाहून पुढची वाट शोधायला लावणारा भाग, असे अनेक प्रसंग त्रिमितीची सरकती कळ वर सरकवून खेळले की खुलतात. त्यातच कन्सोल झुकवून साधने हलवण्याची कोडीही आहेत. मूळ थ्रीडीएसवर कन्सोल हलला की त्रिमिती विस्कटते आणि डोळ्यांना त्रास होतो, त्यामुळे त्या कोड्यांपुरती ती बंद ठेवावी लागते. न्यू थ्रीडीएस या नंतरच्या आवृत्तीत चेहऱ्याचा माग ठेवणारी सोय असल्याने हा त्रास बराच कमी होतो. ज्यांच्याकडे टूडीएस ही याच कन्सोलची साधी आवृत्ती आहे त्यांना त्रिमितीच नाही, आणि त्यांच्यासाठी ‘ट्रिपल डिलक्स’चे एक मोठे आकर्षण आपोआप गळून पडते.

सामान्य शक्तींच्या बाबतीत दोघांत फारसे अंतर नाही. ‘ट्रिपल डिलक्स’ने धनुर्धर, भुंगा, घंटा आणि सर्कस या नव्या शक्ती दिल्या. त्यांतील धनुर्धर आणि भुंगा खरोखर सरस आहेत. ‘रोबोबॉट’ने डॉक्टर, विष आणि ईएसपी (मनाची अतींद्रिय शक्ती) यांची भर घातली, आणि काही जुन्या शक्ती परत आणल्या. हा खेळ अमीबो मूर्तीही (कन्सोलला टेकवायच्या निन्टेन्डोच्या छोट्या मूर्ती) ओळखतो. मूर्ती टेकवली की एखादी शक्ती मिळते. सोय छान आहे, पण तिच्यासाठी मूर्ती विकत घेण्याची गरज नाही.

मुख्य कथा संपल्यावर काय उरते, हे मात्र तपासायला हवे, कारण कथा कोणत्याही सरावलेल्या खेळाडूची थोड्याच बैठकांत संपते. ‘ट्रिपल डिलक्स’मध्ये राजा डीडीडी होऊन तेच टप्पे घड्याळाशी शर्यत करत पार करता येतात. ‘रोबोबॉट’मध्ये हीच जागा मेटा नाइटची आहे. शत्रू मारून गुण साठवायचे आणि ते वेग, मदतनीस, उपचार किंवा जबरदस्त हल्ला यांवर खर्च करायचे, ही व्यवस्था त्यात असल्याने पुनरावृत्ती कमी जाणवते. दोन्हींत बॉसची सलग मालिका लढण्याचे ‘अरीना’ आणि त्याहून कठीण ‘ट्रू अरीना’ आहे. किर्बी म्हणजे लहान मुलांचा खेळ असे ज्यांना वाटते त्यांनी ‘ट्रू अरीना’ एकदा लढून पाहावे.

जोडखेळांत चुरस आहे. ‘ट्रिपल डिलक्स’मधील ‘किर्बी फायटर्स’ हा एकमेकांशी लढण्याचा खेळ आहे, तर ‘डीडीडीज ड्रम डॅश’ हा ढोलांवर तालात उड्या मारण्याचा. ‘रोबोबॉट’मधील ‘टीम किर्बी क्लॅश’मध्ये चार किर्बी तलवार, हातोडा, वैद्यकी आणि जादू अशा भूमिका घेऊन एकत्र मोठ्या शत्रूंशी भिडतात आणि त्यांचा दर्जा वाढत जातो, ‘किर्बी थ्रीडी रम्बल’ हा मात्र लवकर संपणारा आहे. घरात दोन कन्सोल असतील आणि भावंडांना एकमेकांवर कुरघोडी करायची असेल तर पहिला खेळ उपयोगी, एकमेकांना साथ द्यायची असेल तर दुसरा. मुख्य कथा मात्र दोन्हींत एकट्यानेच खेळावी लागते, हे सोबतीने खेळू इच्छिणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावे.

तेव्हा एकच घ्यायचा असेल तर ‘प्लॅनेट रोबोबॉट’ घ्यावा, असे मी निःसंकोच सांगेन. ‘ट्रिपल डिलक्स’ घेण्याची दोन सबळ कारणे दिसतात. तुमचा कन्सोल त्रिमिती दाखवणारा आहे आणि ती तुम्हाला मनापासून आवडते, हे एक. खेळणारे मूल इतके लहान आहे की चिलखताच्या बदलत्या बटणांपेक्षा एकच बटण दाबून सगळे गिळण्यात त्याला अधिक आनंद मिळेल, हे दुसरे. पुढेमागे दोन्ही घ्यायचे असतील तर क्रम न मोडता ‘ट्रिपल डिलक्स’ आधी खेळावा. उलट क्रमाने गेल्यास महाश्वास फिका वाटतो, आणि ‘रोबोबॉट’च्या उत्तरार्धात आधीच्या खेळातील ओळखीचे शत्रू नव्या रूपात पुढे येतात त्याची गंमतही हुकते.

खरेदीची एक अडचण दोन्हींना सारखीच लागू आहे. थ्रीडीएसचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३मध्ये नव्या खरेदीसाठी बंद झाले, त्यामुळे आता कार्ट्रिजच, म्हणजे कन्सोलमध्ये घालायची खेळाची चकती-वजा पट्टी, शोधावी लागते आणि ती बहुधा वापरलेलीच मिळते. थ्रीडीएसवर प्रदेशबंदी असल्याने जपानी कार्ट्रिज अमेरिकी किंवा युरोपीय कन्सोलवर चालत नाही. म्हणून वेष्टनावरील चित्रापेक्षा प्रदेश आधी पाहावा. ज्यांच्याकडे थ्रीडीएसच नाही, त्यांनी केवळ या खेळांसाठी जुना कन्सोल घेण्यापूर्वी निन्टेन्डोच्या स्विच या नंतरच्या कन्सोलवरील ‘किर्बीज रिटर्न टू ड्रीम लँड डिलक्स’चा विचार करावा. फेब्रुवारी २०२३मध्ये आलेल्या या आवृत्तीत ‘मेका’ नावाची नवी शक्ती आहे. तिच्यात किर्बी छोटेखानी यांत्रिक पोशाख चढवतो, आणि संपूर्ण कथा चौघांना मिळून खेळता येते. शत्रूगणिक रूप पालटणारे अवाढव्य चिलखत मात्र तिथे नाही. ते हवे असेल तर ‘रोबोबॉट’ची कार्ट्रिज शोधण्याला पर्याय नाही.