निळ्या अक्षरांत ‘गव्ह डॉट इन’ होतं, म्हणूनच मी बोट ठेवलं

एका खोट्या मेलपायी ४७,४४८ रुपये गेले. साडेसहा क्विंटल कापसाचे जवळजवळ सगळे पैसे. डिसेंबरात ७,३०० च्या भावानं विकला होता, आणि सगळे पैसे त्या एकाच खात्यात होते.

सौर पंपाचा अर्ज मी खरोखर केला होता, सेतू केंद्रात बसून, जीमेलचा पत्ता देऊन. आमच्याकडे वावरात लाईन रात्रीची येते. हरभऱ्याचं ओलित अंधारात करावं लागतं, साप-विंचवाची भीती वेगळीच. अशा माणसाला ‘आपला अर्ज मंजूर, पडताळणी शुल्क १० रुपये भरा’ असा मेल आला तर तो उघडणारच. मी अडाणी नाही, बारावी झालेलो आहे. लॉटरीवाल्यांचे फोन किती वेळा कापले असतील!

आणि मी पत्ता वाचला होता, हे कोणी ऐकूनच घेत नाही. खाली रेघ मारलेल्या निळ्या अक्षरांत अख्खा पत्ता होता आणि शेवटी ‘गव्ह डॉट इन’. सरकारी पत्ता तसाच असतो हे मला ठाऊक होतं.

पुतणी अमरावतीला शिकते, तिनं नंतर करून दाखवलं. मेल लिहिताना साखळीसारखं चिन्ह दाबलं की दोन रकाने येतात. एकात लोकांना दिसायची अक्षरं, दुसऱ्यात खरा पत्ता. दोन्ही सारखे असावेत असं कुठलंही बंधन नाही. तिनं एका रकान्यात आमच्या ग्रामपंचायतीचं नाव लिहिलं, दुसऱ्यात क्रिकेटच्या स्कोअरचं पान जोडलं आणि मला पाठवलं. अर्धं मिनिट लागलं. मग माझ्या मेलमधल्या त्या निळ्या ओळीवर बोट दाबून धरलं, तर वेगळाच पत्ता वर आला, ‘डॉट टॉप’वर संपणारा. कॉम्प्युटरवर क्लिक न करता माऊसचा बाण नुसता वर नेला तरी खाली कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली होती. १० नाही, १९,९९९! मी वाचलीच नाही. नजर फक्त सहा आकड्यांवर होती, वरून ऊन, स्क्रीन नीट दिसत नव्हती. त्या निळ्या ओळीवरून उघडलेल्या पानावर आलं, ‘व्यवहार अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा.’ दुसरा ओटीपी टाकला, पुन्हा १९,९९९ गेले. तिसरा टाकला, ७,४५० गेले. तीनदा मेसेज आला आणि तीनदा मी तो पूर्ण वाचला नाही. तुम्ही वाचा. आकडे टाकण्याआधी रक्कम वाचा.

असं झालं तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन लावा, पहिल्या तासात. मी लावला, पण लागायला पाऊण तास गेला. बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, “भाऊ, ओटीपी तुमीच देल्ला ना, मंग आमी काय करनार?” अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. भांडून घेतली. तुम्हीही घ्या, कारण ३० दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, आणि पोच नसेल तर तारीख सिद्ध कशी करणार?

पोलीस ठाण्यात सांगितलं, “हे सायबरचं काम हाये, जिल्ह्याले जा.” चाळीस किलोमीटर एस.टी.नं गेलो. तिथं म्हणाले, आधी तुमच्या ठाण्यातून कागद आणा. परत आलो तर साहेब बंदोबस्ताला गेलेले. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो असा कायदा आहे, तरी मला चार चकरा मारायला लावल्या. एका हवालदारानं तर सगळ्यांसमोर विचारलं, “एवढे शिकलेले, तरी काहून फसले बा?” चोराला शोधायचं सोडून मलाच विचारता? त्या दिवशी मान वर करवली नाही.

घरी बायकोला आठ दिवस सांगितलं नाही. तेही चुकलं. लाजेपायी कोणी गप्प बसू नका.

मेल पुसू नका, मी तसाच ठेवलाय. मंजुरीचा मेल आला तर त्यातलं काही दाबू नका, सेतूत जाऊन अर्जाची स्थिती पाहा. माझा अर्ज त्या दिवशी मंजूर झालाच नव्हता.

सोमवारी पुन्हा बोलावलंय. पुन्हा चाळीस किलोमीटर.