झेरॉक्स की ऑफसेट: बडोद्यातील रॉक अंकाची आखणी

बडोद्यातील विद्यार्थ्यांसाठी रॉक संगीताचा अंक आखताना आमच्यापुढे दोन पर्याय होते: झेरॉक्सवर काढलेली काळी-पांढरी पुस्तिका किंवा ऑफसेटवर छापलेला रंगीत अंक. ऑफसेटसाठी चार रंगांच्या चार प्लेटा आधीच कराव्या लागतात, त्यामुळे शंभर प्रतींना तो परवडत नाही. हजारांच्या पुढे मात्र दर प्रतीचा खर्च झपाट्याने उतरतो. झेरॉक्सला ही अडचण नाही. ए-फोर कागद मधोमध दुमडून दोन पिना मारल्या की अंक तयार होतो. फक्त पानांची संख्या चारच्या पटीत लागते, हे आम्हाला शेवटी दोन कोरी पाने उरल्यावर कळले.

झेरॉक्समध्ये छायाचित्रातील करड्या छटा नाहीशा होतात आणि गिटारवादकाचा चेहरा म्हणजे नुसता काळा डाग उरतो. तरीही १९७६च्या सुमारास लंडनमधील पंक, म्हणजे बंडखोर रॉक संगीताच्या, चाहत्यांनी आपल्या अंकांत हीच उणीव शैली म्हणून मिरवली: टंकलिखित मजकूर, कात्रीने कापलेली चित्रे, हाताने लिहिलेले मथळे. ऑफसेटवर अशी खडबडीत मांडणी उसनी वाटते, असे माझे मत आहे. म्हणून आतली पाने झेरॉक्सवर काढावीत आणि मुखपृष्ठ तेवढे एकरंगी स्क्रीन प्रिंटिंगने छापावे, याच बाजूचा मी आहे. शाई वाळेपर्यंत प्रती दोरीवर टांगाव्या लागल्या तरी चालेल.