उजवा खांदा, फिजिओथेरपी आणि भिंतीवरच्या खडूच्या रेघा : सात महिन्यांचा अनुभव

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला घरातच आमचं शाळेच्या युनिफॉर्मचं काम चालतं. चार मशिनी आहेत, कटिंग माझ्याकडं. वय ५२, शुगर नऊ वर्षांपासून, आणि उजव्या खांद्याला फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडून बसण्याचं दुखणं. 'फिजिओनं खरंच काही होतं का, की नुसता शेक?' असं महिन्याभरात तिघीचौघींनी विचारलं. प्रत्येकीला फोनवर अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

सुरुवात गेल्या दिवाळीच्या साफसफाईत झाली. माळ्यावरचा डबा काढताना उजव्या खांद्यात कळ आली. वाटलं, हात अवघडला असेल. मग एकेक काम हातातून सुटायला लागलं. अंबाडा घालता येईना, पाठीमागून पदर ओढून घेता येईना, आतल्या कपड्याचा हुक तर विसराच. रिक्षात वरची दांडी धरायची म्हटलं तरी डोळ्यात पाणी. गंमत म्हणजे मशिनवर काहीच त्रास नाही, कारण शिवताना कोपर कुशीलाच असतं. त्यामुळं घरच्यांना वाटे, ही कामापुरती बरी आणि घरापुरती आजारी. रात्र मात्र वाईट. त्या कुशीवर वळलं की जाग, आणि मग तीन वाजता उठून भिंतीला टेकून बसायचं.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, अक्षतांच्या दिवशी संमती कट्ट्याजवळ गर्दीत उभी होते. सगळ्यांचे हात वर गेले, माझा खांद्याच्या पुढं जाईना. डाव्या हातानं अक्षता टाकल्या आणि दिवसभर मनाला रुखरुख. त्याच आठवड्यात कुणीतरी मालिशवाल्याचं नाव सांगितलं. त्यानं तेल चोळलं, 'शीर चढलीय' म्हणाला आणि हात धरून असा झटका दिला की पुढचे दहा दिवस चमचासुद्धा डाव्या हातानं धरला. तिथं गेले हा मूर्खपणा माझाच.

हाडाच्या डॉक्टरांकडं गेले फेब्रुवारीत. एक्स-रे स्वच्छ. त्यांनी मला हात सैल सोडायला सांगितला आणि स्वतः उचलून पाहिला. त्यांच्यानंही तो जाईना. तेव्हा कळलं की हा फ्रोझन शोल्डर. स्नायूचं दुखणं असतं तर आपल्याला उचलता आलं नाही तरी दुसऱ्यानं उचलल्यावर हात बराच वर जातो. इथं सांध्याभोवतीचं आवरणच जाड होऊन आटलेलं असतं. माझ्या भाषेत सांगायचं तर सुती कापड न भिजवता शिवलं आणि पहिल्या धुण्यात काखेत आटलं, तसं. चाळिशी ते साठीत जास्त होतं, बायकांना थोडं अधिक आणि शुगरवाल्यांना तर बरंच जास्त. आधी दुखण्याचे महिने, मग दुखणं कमी पण हात अडकलेला असे महिने, मग हळूहळू सुटण्याचे. सगळं मिळून वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. ऐकून मी गार.

पहिलं सेंटर घराजवळचं होतं म्हणून तिथं गेले. २५० रुपये बैठक, बारा बैठका. खांद्याला चार पॅड लावायचे, करंट सोडायचा, मग जेल लावून मशीन फिरवायचं, वरून गरम शेक. माणूस मोबाइलवर. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. अशोक चौकापर्यंत रिक्षात अगदी हलकं, घरी येऊन कुकर लावेपर्यंत पुन्हा तेच. बारा दिवसांत एकदाही कुणी माझा हात किती वर जातो ते पाहिलं नाही. आमच्या धंद्यात माप न घेता कुणी कापड कापत नाही.

मग दुसरं सेंटर धरलं. तिथल्या फिजिओ मॅडमनी पहिल्या दिवशी मशीनला हातच लावला नाही. दोन पट्ट्या जोडलेलं कोनमापक काढलं आणि मापं लिहिली. हात पुढून वर ९५ अंश. कोपर कुशीला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला, फाटक उघडतं तसा, फक्त १० अंश. डाव्याचा आरामात ८०. पाठीमागं अंगठा जेमतेम मांडीच्या वरपर्यंत. म्हणाल्या, "काकू, या दुखण्यात हे बाहेर फिरणं सगळ्यात आधी जातं. रोज तेच बघत जा."

त्याच सुमारास हाडाच्या डॉक्टरांनी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. आठवड्याभरात रात्रीचं दुखणं निम्मं झालं. पण शुगर! उपाशीपोटी १५० च्या आसपास असायची ती २८० झाली आणि चार-पाच दिवस तिथंच. आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. शुगरवाल्यांनी हे विचारूनच घ्या.

व्यायाम सांगते, पण तुमच्या खांद्याला हेच लागू असं समजू नका. पहिला महिना लोलकाचा. टेबलावर डावा हात टेकून वाकायचं, उजवा लोंबता सोडायचा आणि अंगाच्या झोक्यानं गोल फिरू द्यायचा, आपण उचलायचा नाही. कॉडमन नावाच्या अमेरिकन सर्जनच्या नावानं तो ओळखला जातो. 'फ्रोझन शोल्डर' हे नावही त्यांनीच १९३४ मध्ये दिलेलं, असं मॅडम सांगत. मला तो व्यायाम कमी आणि विहिरीवरचा पोहरा जास्त वाटायचा. मग उताणं झोपून दोन्ही हातात काठी धरून डाव्यानं उजव्याला बाहेर ढकलायचं. मग भिंत.

भिंतीसमोर उभं राहून बोटं कोळ्यासारखी वर चढवायची. जिथं थांबतील तिथं मी मार्किंगच्या खडूनं रेघ मारायचे आणि टेपनं जमिनीपासून इंच मोजायचे. पहिली रेघ ५१ इंचांवर. एप्रिलच्या शेवटी ५८. रोज बघितलं तर फरक दिसत नाही, सुताएवढाच असतो तो. पण पंधरा दिवसांनी खालची रेघ बघितली की धीर यायचा. माझ्या मते सगळ्या उपचारात सगळ्यात उपयोगी वस्तू हा दोन रुपयांचा खडू.

दुखण्याचा नियम मॅडमनी एकाच वाक्यात दिला. करताना ताण बसला तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळीही ठणकत असेल तर जास्त झालं, अर्ध्यावर या. सुरुवातीच्या महिन्यांत त्यांनी मुळीच जोर केला नाही. दुखणं ओसरल्यावर मात्र खांद्यातला हाडाचा गोळा हलके हलके दाबून सरकवायच्या. ते सुखाचं नव्हतं. "सोडा की हात काकू, धरून कशाला ठेवलाय!" हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल.

मेमध्ये घोळ झाला. शाळांच्या ऑर्डरी, बाहेर ४३ डिग्री, तीन आठवडे मी भिंतीकडं फिरकलेच नाही. जूनमध्ये मोजलं तर रेघ दोन इंच खाली. मॅडम रागावल्या नाहीत, नवीन तारीख घालून तेच माप लिहून घेतलं. त्याचीच लाज जास्त वाटली.

टॉवेलचा व्यायाम सगळ्यात शेवटी आला. पाठ पुसताना धरतो तसा टॉवेल तिरका धरायचा, चांगला हात वर, दुखरा खाली कमरेशी, आणि वरच्यानं हळूच ओढायचं. शेजारच्या अक्कांच्या घरी टॉवेलचे लूम आहेत. त्यांनी मुद्दाम लांब, जाड पीस आणून दिला. "गावभर टॉवेल पाठवतो आम्ही, तुझा एक हात सुटायला काय लागतं," म्हणाल्या. लागले अडीच महिने.

सप्टेंबरअखेरचं माप : पुढून वर १५५ अंश, बाहेर ५५, पाठीमागं अंगठा हुकापर्यंत. अंबाडा येतो. हुक येतो, पण अजून दम खाऊन. भिंतीवर ७१ इंच, डाव्या हाताचे ७४. ३५० रुपयांप्रमाणे २६ बैठका म्हणजे ९,१००, आणि पहिल्या सेंटरचे ३,००० वेगळे.

आता खरा प्रश्न. हे दुखणं पुष्कळांचं काळानं आपोआपही सुटत जातं, मग श्रेय कुणाला? इंजेक्शनला, व्यायामाला की कॅलेंडरला? मॅडमना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, तिघांनाही, आणि वाटा कुणाचा किती ते मी छातीठोक सांगणार नाही. मला हे उत्तर आवडलं. माझ्यापुरतं सांगते, मेमधल्या त्या दोन इंचांमुळं व्यायामाचा वाटा आहे असं मी धरून चालते. करंटला मी फारसे मार्क देणार नाही. तो जखमेवर फुंकर घालावी तसा, बरा वाटतो, हात सोडवत नाही.

तक्रारीही आहेत. सेंटर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझा खांदा होता म्हणून ठीक, गुडघेवाले कठडा धरून धापा टाकत चढायचे. व्यायामाचा कागद इंग्रजीत. अकराची वेळ म्हणजे पावणेबारा. आणि पहिल्याच दिवशी 'फिजिओला सहा महिने तरी लागतील' असं सेंटरवर कुणी स्पष्ट सांगितलं असतं तर पहिल्या महिन्यात मी दोनदा सोडून द्यायच्या बेतात आले नसते.

पडल्यावर हात उचलेनासा झाला, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा आला, किंवा खांद्याबरोबर छातीत दुखून दम लागला, तर फिजिओ शोधत बसू नका, आधी डॉक्टर.

गेल्या पंधरा दिवसांपासून डावा खांदा रात्री थोडा बोलतोय. हे दुखणं काहींना दुसऱ्या बाजूलाही होतं, तेव्हा या वेळी मालिश नाही, वाट बघणं नाही, दुसऱ्याच दिवशी ते दोन मजले चढले. मॅडमनी डावा हात बाहेर फिरवला, पूर्ण गेला. "सध्या काही नाही, पण मोजत राहा," म्हणाल्या. घरी येऊन भिंतीवर डाव्या हाताची रेघ निळ्या खडूनं मारली. कालपर्यंत ७४ वरच आहे.