‘बोटीसह’ लाओस: दादरमध्ये झालेली आमची फसवणूक

गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयतांनी दादरच्या एका पर्यटन व्यावसायिकाकडून लाओसमधील मेकाँग नदीचा दोन दिवसांचा प्रवास माणशी १८,५०० रुपयांना ठरवला. फक्त आमच्यासाठी बोट आणि वाटेत पाकबेंगला नावाड्याच्या घरी मुक्काम, असे त्यांनी आम्हाला दोनदा तोंडी सांगितले. हॉटेलांना कंटाळलेल्या गिऱ्हाइकाला ‘घरी मुक्काम’ एवढे म्हटले तरी पुरते, हे त्यांना पक्के ठाऊक असावे.

थायलंडमधून पूल ओलांडून हुआय सायला पोहोचलो, तेव्हा धक्क्यावर आमच्या नावाची कोणतीही बोट नव्हती. फोनवर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “खिडकीवर तिकिटे काढा, हिशेब मुंबईत पाहू.” किपचे (लाओसच्या चलनाचे) रुपये करून पाहिले, तर एका तिकिटाला आम्ही माणशी मोजलेल्या रकमेचा जेमतेम दहावा हिस्सा लागला. ती रोजची प्रवासी बोट होती: लांबट, लाकडी, जुन्या मोटारींतून काढलेल्या आसनांची, मागे इंजिनाचा कानठळ्या बसवणारा आवाज. संध्याकाळी पाकबेंगला उतरल्यावर कोणीही न्यायला आले नाही, आणि अंधारात बॅगा ओढत चढण चढून खोली आम्हालाच शोधावी लागली.

दुसऱ्या दिवशी बोटीत शेजारच्या बाईंनी वेताच्या डबीतून चिकट भाताचा गोळा काढून माझ्या हातावर ठेवला आणि माझ्या मंगळसूत्राचे काळे मणी बोटांनी चाचपून पाहिले; भाषा कळत नसूनही प्रवासाचे शेवटचे ठिकाण लुआंग प्रबांग येईपर्यंत आम्ही दोघी हसत होतो. ज्या ओळखीसाठी दादरला पैसे मोजले होते, ती अशी फुकट मिळाली, हे मात्र कबूल केले पाहिजे.

परतल्यावर कागद काढले, तेव्हा आमचा गाढवपणा उघड झाला. पैसे यूपीआयने एका खासगी व्यक्तीच्या खात्यात गेले होते आणि पावतीवर ‘लाओस पॅकेज, बोटीसह’ एवढेच लिहिले होते. ‘स्वतंत्र’ हा शब्द किंवा मुक्कामाचा पत्ता कुठेच नव्हता. अशी नोंदणी करणाऱ्यांनी हे दोन्ही आधी लिहून घ्यावे आणि पैसे व्यवसायाच्याच खात्यावर भरावेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही दोन वर्षांच्या आत जाता येते.

त्या गृहस्थांचे लेखी उत्तर एका ओळीचे आले: “बोट मिळाली होती ना?”