कर्नलमधला एरर-पाथ आवरताना: गोटू, डेव्हएम की गार्ड?

लिनक्स ड्रायव्हरचं एखादं जुनं फंक्शन, शेवटी एरर-पाथच्या (काही फसलं तर घेतलेलं सोडून बाहेर पडण्याच्या वाटेच्या) लेबलांची रांग, आणि ते आवरायचं तुमच्यावर आलंय. वाटा तीन: गोटू (थेट लेबलावर उडी) ठेवून नीट लावणं, डेव्हएम फंक्शन्स (devm_, डिव्हाइसशी बांधलेले रिसोर्स आपोआप सोडणारी) वापरणं, किंवा 2023 मध्ये कर्नलच्या 6.5 आवृत्तीत आलेले, लॉक आणि मेमरी आपोआप सोडणारे गार्ड (guard) आणि फ्री (__free). किती ओळी वाचतात हे बघून निवडू नका. रिसोर्स (मेमरी, लॉक, इंटरप्ट) किती काळ जगायला हवा, ते आधी ठरवा.

गोटूला उगाच नावं ठेवली जातात. जे घेतलं ते उलट्या क्रमाने सोडायचं, आणि सगळं डोळ्यांसमोर. लेबलाचं नाव मात्र 'एरर 2' नको, ते काय सोडतं हे सांगणारं हवं. खरा त्रास नंतर होतो. कुणीतरी मध्येच नवी तपासणी घालतो, तिथून थेट रिटर्न करतो आणि म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक) लॉकच राहतो. किंवा गोटू बरोबर जातो, पण रिटर्न व्हॅल्यू शून्यच असते. बोलावणाऱ्याला वाटतं, काम झालं.

प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) डेव्हएम उत्तम. प्रोब फसला किंवा ड्रायव्हर सुटला, की सगळं आपोआप उलट्या क्रमाने सुटतं. पण अर्धं डेव्हएम, अर्धं हाताने असं करू नका. ड्रायव्हर सुटताना त्याचं रिमूव्ह फंक्शन आधी चालतं, डेव्हएमची सफाई नंतर. बफर रिमूव्हमध्ये हाताने सोडला आणि इंटरप्ट डेव्हएमने घेतलेला असेल, तर इंटरप्ट आल्यावर चालणारा हँडलर मेलेल्या बफरला हात लावू शकतो. युजरने डिव्हाइसची फाइल उघडी ठेवली असताना डिव्हाइस काढलं तरी हाच धोका. फाइलसोबत जगणाऱ्या मेमरीला रेफरन्स काउंटच (वापरणारे किती उरले याची मोजणी) हवा.

लॉकसाठी मला गार्ड सगळ्यात आवडतो: स्कोप (कंसांमधला तो भाग) संपला की लॉक सुटतो, मधल्या कुठल्याही रिटर्नची धास्ती नाही. फ्री वापरताना मात्र क्रम सांभाळा. पॉइंटर वर नल (रिकामा) म्हणून जाहीर केला आणि गार्ड त्याखाली घेतला, तर बाहेर पडताना आधी लॉक सुटतो, मग ऑब्जेक्टची सफाई होते. त्या सफाईलाच लॉक लागत असेल तर गेलं सगळं! म्हणून व्हेरिएबल जिथे भरायचं तिथेच, गार्डच्या खाली जाहीर करा. आणि एकाच फंक्शनमध्ये गोटू आणि गार्ड-फ्री मिसळू नका. कर्नलचं डॉक्युमेंटेशनही हेच सांगतं. अशा जाहीर केलेल्या व्हेरिएबलवरून उडी मारली तर क्लँग हा कंपायलर अडवतो, जीसीसी हा कंपायलर गप्प बसतो.

पॅच (पाठवायचा बदल) कर्नलच्या कुठल्या भागात जाणार तेही बघा. नेटवर्किंगवाले फ्रीचा थेट वापर नको म्हणतात, आणि 20 ओळींपेक्षा मोठ्या फंक्शनमध्ये गार्डही त्यांना नकोसा आहे.

चालू, जुन्या कोडमध्ये बग नसेल तर मी गोटूला हात लावणार नाही. बदलायचंच असेल तर अख्खं फंक्शन एकाच पॅचमध्ये बदला आणि फेलस्लॅब ही कर्नलची चाचणीची सोय चालू करून मेमरी मुद्दाम नाकारून बघा. एरवी एरर-पाथने कोड क्वचितच जातो.