एनव्हीडीए : डिझायनरने शिकून घ्यावा असा स्क्रीन रीडर

विंडोजवर चालणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, दृष्टिहीनांसाठी दृष्टिहीनांनीच घडवलेला आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ साली त्याचे काम सुरू केले, जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले आणि पुढे या कामासाठी एनव्ही ॲक्सेस ही सेवाभावी संस्था उभी राहिली. तो मोफत आणि मुक्तस्रोत आहे; डाउनलोड करताना देणगीची विनंती होते, पण ती ऐच्छिक असते. माझे परीक्षण मात्र डोळस डिझायनरच्या बाजूचे आहे, कारण आपण आखलेले पान प्रत्यक्षात कसे लागले आहे हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे दुसरे साधन मला ठाऊक नाही.

ठळक, मोठ्या अक्षरांतली ओळ आपल्याला शीर्षक वाटते. पानाच्या रचनेत ती तशी नोंदलेली नसेल, तर एनव्हीडीएच्या लेखी ती साधा मजकूरच असते आणि एच कळ दाबत शीर्षकांवरून पुढे जाणारा वाचक तिला ओलांडून जातो. इन्सर्ट आणि एफ७ एकत्र दाबल्यावर दुव्यांची यादी उघडते. तीत ‘अधिक वाचा’, ‘अधिक वाचा’, ‘इथे क्लिक करा’ एवढेच ओळीने ऐकू येऊ लागले, की तो दोष कोड लिहिणाऱ्याचा नाही, मजकूर ठरवणाऱ्यांचा आहे, हे मान्य करावे लागते. चित्राच्या बटणाला नाव दिलेले नसेल तर नुसते ‘बटण’ ऐकू येते. अर्जातली चूक केवळ लाल चौकटीने दाखवली असेल तर काहीच ऐकू येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात ई-केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटवण्याची प्रक्रिया, दृष्टिहीनांना आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांना वापरता येईल अशी करण्याचे निर्देश देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. त्यामुळे अर्ज आखणाऱ्याने निदान तो अर्ज एकदा ऐकलाच पाहिजे.

मराठी पानांची स्थिती अधिक बिकट आहे. जुन्या, युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणाऱ्या प्रमाणाच्या आधीच्या) फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असल्यामुळे वाचून दाखवताना त्याचे निरर्थक ध्वनी होतात. स्कॅन करून टाकलेल्या सूचना आणि परिपत्रके तर बहुधा मुकीच राहतात. पानाची भाषा मराठी असल्याची खूण कोडमध्ये नसेल, तर कोणता आवाज वापरायचा हे केवळ देवनागरीवरून ठरत नाही, कारण हिंदीचीही लिपी तीच आहे.

सोबत येणारा ईस्पीक एनजी हा आवाज मराठी वाचतो, पण तो यांत्रिक आहे. सवयीचे वापरकर्ते तो फार वेगाने ऐकतात; नवख्या कानाला मात्र थकवा येतो, म्हणून सुरुवातीला बोललेला मजकूर अक्षरांत दाखवणारा स्पीच व्ह्यूअर चालू ठेवावा. वाचनाची आणि अर्ज भरण्याची अशा दोन अवस्थांमधला फरक अंगवळणी पडायलाही वेळ लागतो. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक सहज वाचता येण्यासाठी ठरवलेल्या ४.५:१ या प्रमाणापेक्षा कमी आहे का, हे एनव्हीडीए सांगत नाही, आणि डोळस माणसाने केलेली तपासणी दृष्टिहीन वापरकर्त्याच्या अनुभवाची जागा घेत नाही. दृष्टिहीन परीक्षकांना मानधन देऊन बोलवायलाच हवे.

कार्यालयातील संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसवण्याची मुभा नसेल, तर पेन ड्राइव्हवरून चालणारी पोर्टेबल प्रत तयार करता येते. एकदा कळा हाताखाली आल्या, की पडदा पूर्ण काळा करणारा स्क्रीन कर्टन चालू करून आपलाच अर्ज भरून पाहावा.